रिकामी कात्री

"पण महाराज, स्वयंपाकघरात कात्री?"

हेरंबशास्त्री दारातच थबकले होते. नुकतेच नदीवरून न्हाऊन आलेले, धोतर ओलं, कपाळावर ताजं गंध, आणि नजर रंगोबुवांच्या हातावर खिळलेली.

बुवा उकळत्या आमटीवर कोथिंबिरीची जुडी धरून ती कात्रीनं कातरत होते. पानं थेट पातेल्यात पडत होती.

"का रं? कात्रीनं काय केलं?"

"कात्री शिंप्याची, न्हाव्याची. अन्नाला विळी असते. विळीनं कापावं."

"हातच कापत्यात माझं. आनि काय कापू?"

मी चुलीत लाकूड सारत होतो. मला हसू आलं, ते मी धुरावर ढकललं.

निंबडोहचा मठ तसा लहान. नदीचं वळण, चार खोल्या, एक चूल. रंगोबुवा ऐंशीच्या घरातले, तोंडाचं पार बोळकं झालेलं. मी दौलत. एसटीत कंडक्टर होतो. निवृत्त झाल्यावर इथं सहज म्हणून आलो आणि चुलीपाशी बसलो, तो बसलोच.

हेरंबशास्त्री तालुक्याच्या गावाहून आले होते. वेदपाठशाळेत शिकलेले, वय पस्तिशीचं, प्रवचनांना गर्दी जमवणारे. विद्वत्ता खरी होती, ती मी नाकारत नाही. फक्त माणूस ती झोपतानासुद्धा उतरवून ठेवत नसे.

त्यांना दीक्षा हवी होती. रोज सकाळी मागायचे, रोज बुवा "बघू" म्हणायचे.

आमच्या मठात दीक्षेचा थाट नसतो. बुवा स्वतःच्या हातानं शेंडी कातरतात, बाकीचं डोकं गावातला न्हावी करतो, मग नदीत बुडी आणि अंगावर भगवी छाटी. शास्त्रींनी छाटी आधीच विकत आणून पिशवीत घडी घालून ठेवली होती. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग!

"आज शेंडी तुटो की पारंबी, दीक्षा घेतल्याशिवाय उठणार नाही," असं त्यांनी पहाटेच मला बजावलं होतं. दीक्षा मिळाली तर शेंडी तुटणारच होती, ते त्यांच्या ध्यानात आलं नसावं.

"महाराज, आज तिथी चांगली आहे. मी उपास धरलाय."

"ब्येस केलंस. आमचा न्हाई उपास. जेवनं हुंदेत."

"मला आता कशातच गुंतायचं नाही. सगळं तोडून आलोय मी. घर, गाव, माणसं..."

"समदं?"

"पुरतं."

"हं," बुवा म्हणाले. त्यांनी कात्री पंचाला पुसली आणि दुधाची पिशवी शास्त्रींपुढं सरकवली. "मग एवढी फोड. खीर करायची हाय."

शास्त्रींनी कात्री दोन बोटांनी धरली, विटाळ झाल्यासारखी. पिशवीचा कोपरा एका झटक्यात उडवला. दूध पातेल्यात ओतलं. रिकामी पिशवी बाजूला ठेवली.

"कोपरा कुठं हाय?" बुवांनी विचारलं.

"कुठला?"

"तोडलास तो."

शास्त्रींनी जमिनीवर पाहिलं. पाटाखाली पाहिलं. तळहात उलटे करून पाहिले. मग सगळ्यांनी मिळून पातेल्यात पाहिलं.

"काढ," बुवा म्हणाले.

पांढऱ्या दुधात पांढरं प्लास्टिक. शास्त्री पळीनं ढवळत राहिले. एकदा सापडलं म्हणून वर काढलं, तर ती साय निघाली. मी गाळणं आणून दिलं. तेव्हा कुठं नखाएवढा तो तुकडा जाळीत अडकला.

"एवढ्याशानं काय होणार होतं, महाराज?"

"कुनाच्या घशात गेला म्हंजे कळतंय."

बुवांनी दुसरी पिशवी घेतली. थरथरत्या हातानं कोपऱ्याला तिरकी कात्री लावली आणि अर्ध्यावर थांबवली. दूध धारेनं पडलं. कोपरा पिशवीलाच लोंबत राहिला.

"पुरतं न्हाई तोडायचं."

शास्त्रींनी मान डोलावली, पण ती शिकल्याची नव्हती. लवकर संपवा, अशी होती.

बुवांनी मग लाल मिरच्या घेतल्या. वाटीवर धरून एकेक कातरायची, बी खाली झटकायचं, हाताला तिखट लागत नाही. मग खिरीसाठी खारका. विळीवर खारीक घेतली तर ती उडून अंगणात जाते, कात्रीच्या तोंडात मात्र गुमान बसते. मी हे रोजच बघतो. शास्त्री भिंतीला टेकून बघत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की साधकाला हे बघायला लावणं त्यांना मुळीच पसंत नाही.

"आता पोळीसुद्धा कात्रीनंच खाणार का?" ते म्हणाले. सूर थोडा तिरकाच होता.

"खातो की."

"म्हणजे?"

बुवांनी तोंड उघडून दाखवलं. आत नुसत्या हिरड्या.

"दौलत कातरून देतो रोज. लई जाड करतो मेला. आज तू कर."

मला जरा लागलं. पण खोटं नव्हतं ते.

पोळी ताटात होती, तव्यावरून नुकतीच उतरलेली. शास्त्रींनी पाट ओढला आणि खाली बसले. या खेपेला कात्री त्यांनी दोन बोटांत धरली नाही. अंगठा आत, बोटं आत, मूठ घट्ट.

आधी त्यांनी पोळीचा काठ सगळीकडून गोल कातरून काढला. मग पोळीची गुंडाळी केली. गुंडाळीचे बारीक बारीक तुकडे पाडले, ते शेवयांसारखे मोकळे झाले. मग ताट फिरवलं आणि त्या शेवया पुन्हा आडव्या कातरल्या. कात्री एकदाही अडखळली नाही. ताटात शिताएवढ्या कण्यांचा ढीग झाला. त्यांनी मधे बोटानं आळं केलं, आळ्यात गरम आमटी ओतली आणि वर ताटली झाकली.

बुवांचा हात ताटाकडं गेला.

"थांबा. लगेच नको. फुगू द्या."

बुवांनी हात मागं घेतला. मांडीवर ठेवून मुकाट बसले. निंबडोहच्या मठात बुवांना "थांबा" म्हणणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. शास्त्रींना मात्र आपण काय बोललो याचा पत्ताच नव्हता. ते ताटलीखालची वाफ बघत होते.

"हं. आता घ्या."

बुवा खाऊ लागले. रोज निम्मी पोळी ताटात टाकणाऱ्या माणसानं त्या दिवशी ताट निपटून खाल्लं.

"काठ का काढलास?"

"कडक असतो. हिरडीला टोचतो."

"तुला तर दात हाईत."

शास्त्रींनी ताटली उचलून पालथी घातली.

मी ताटं उचलली, बुवांचं तेवढं त्यांच्यापुढंच राहू दिलं. बुवा सुपारी खात नाहीत, पण जेवल्यावर थोडा वेळ तसेच बसतात. शास्त्रीही बसून होते. कात्री त्यांच्या हातातच राहिली होती. बोटं आपोआप हलत होती. उघड, मीट. उघड, मीट. कच... कच... कच...

"अहो शास्त्रीबुवा!" मी ओरडलोच. "रिकामी कात्री वाजवू नका. भांडान व्हतं."

शास्त्री हसले. त्यांचं ते प्रवचनातलं हसू.

"दौलतराव, लोखंडावर लोखंड घासलं तर आवाज होतो. भांडण कसं होईल? हे बायकापोरांचे समज. महाराज, तुम्ही तरी सांगा यांना. कात्री वाजली म्हणून कधी भांडण होतं का?"

"न्हाई व्हत," बुवा म्हणाले.

शास्त्रींनी माझ्याकडं विजयानं पाहिलं.

"भांडान आधी व्हतंय. मग वाजती."

...

कात्री थांबली.

नदीवर कुणीतरी कपडे धोपटत होतं.

"कुनाशी?" बुवांनी विचारलं. 'मीठ दे' म्हणावं तसं विचारलं.

"...नानांशी."

"वडील?"

"हो."

"कशावरनं?"

शास्त्रींनी कात्री खाली ठेवली. तालुक्यात हजार माणसांपुढं न अडखळणारी वाणी, पण तिथं शब्द गोळा करायला त्यांना वेळ लागला.

"पोळीवरून."

मला वाटलं होतं, जमीन असेल. नाहीतर लग्न.

"आई गेल्यापासून मीच करतो त्यांचं. बहीण लांब दिली आहे. नानांना दात नाहीत. भात नको म्हणतात, रोज पोळीच लागते. मी कातरून द्यायचो. त्या दिवशी मला घाई होती. तुकडे मोठे झाले."

"कसली घाई?"

"प्रवचन होतं."

"कशावर?"

"...क्रोधावर."

एरवी मी पोट धरून हसलो असतो. त्या वेळी हसू आलं नाही.

"मग?"

"घशात अडकला घास. ठसका लागला. त्यांनी ताट सरकवलं. म्हणाले, तुझ्या आईनं कधी असं केलं नाही."

"आन् तू?"

...

"तू काय म्हनलास?"

"मी म्हणालो..." शास्त्रींनी कात्री थोडी दूर सरकवली. "मी म्हणालो, मग आईकडंच जा."

मी चुलीकडं तोंड फिरवलं. जिभेला हाड नसतं म्हणतात. पण काही बोलणी अशी असतात की बोलणाऱ्याच्याच जिवाला चटका देऊन जातात.

"ते नुसते बघत राहिले," शास्त्री सांगत होते. "मी प्रवचनाला गेलो. परत घरी जाववेना. तिथूनच इथं आलो. वाटेत मला उमगलं, की हा संसारच खोटा आहे."

"वाटंत उमगलं."

"हो."

"आता जवळ कोन हाय त्यांच्या?"

"तशी सोय केली आहे. शेजारच्या काकूंना फोन करून सांगितलंय. दोन्ही वेळचा डबा देतात. घरचंच अन्न असतं, चांगलं असतं."

"डब्यात काय असतंय?"

"पोळीभाजी."

"पोळी कशी असती?"

"कशी म्हणजे? मऊ असते. काकूंच्या हाताला चव आहे."

"तसं न्हाई इचारलं."

शास्त्रींची नजर बुवांच्या रिकाम्या ताटाकडं गेली. ताटाच्या कडेला कातरून काढलेला काठ तसाच पडला होता.

"पोळी कशी असती डब्यात?" बुवांनी पुन्हा विचारलं.

"...अख्खी."

एवढ्यावर दुसऱ्या कुणी उपदेश केला असता, दोन ओव्या ऐकवल्या असत्या. बुवांनी ताटातला तो काठ उचलला, अंगणातल्या कावळ्याला टाकला आणि परत येऊन पाटावर बसले.

शास्त्री कात्रीत सापडले होते. पण शिकलेला माणूस सहजासहजी हार मानत नाही.

"महाराज," ते म्हणाले, आणि आवाज पुन्हा प्रवचनाचा झाला. "हा मोहच आहे ना? देह त्यांचा आहे, भूक त्यांची आहे. कोण कुणाचा बाप, कोण कुणाचा मुलगा? ज्याला निघायचंय त्यानं मागं वळून पाहू नये, असं शास्त्रच सांगतं."

"खरं हाय," बुवा म्हणाले.

"खरं आहे ना?"

"व्हय. शास्तर खोटं कशाला बोलंल?"

"मग माझी दीक्षा?"

"देतो की. बस हितं."

खरं सांगतो, मला बुवांचा राग आला. तिकडं एका म्हाताऱ्याला घास गिळवत नाही आणि इकडं हे दीक्षा वाटतायत! मी सरपणाची मोळी जरा जोरातच आपटली. बुवांनी तिकडं लक्ष दिलं नाही.

शास्त्री लगबगीनं पुढं झाले. बुवांसमोर मांडी घालून बसले, हात जोडले, मान खाली घातली. बुवांनी जमिनीवरची कात्री उचलली.

शास्त्रींनी डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. "हीच?"

"मठात येकच हाय."

"अहो, पण आत्ता हिनं मिरच्या..."

"धुतो म्हन."

त्यांनी खरंच लोट्यातलं पाणी घेऊन कात्री धुतली, पंचाला पुसली. मग डाव्या हातात शास्त्रींची शेंडी धरली. उजव्या हातानं कात्री उघडली. बुवांचा हात नेहमीसारखाच थरथरत होता, तरी पाती शेंडीच्या दोन्ही बाजूंना नीट जाऊन बसली.

"डबा कितीला येतोय?"

"कुठला?"

"नानांचा."

"...बाराला."

"दौलता, किती वाजलं?"

मी घड्याळ पाहिलं. "येक वाजून गेला, बुवा."

बुवांनी मान हलवली. कात्री मिटली नाही. काढलीही नाही. ते तसेच बसून राहिले, जणू कुणी पुढचं सांगेल म्हणून वाट बघत होते.

...

शास्त्रींची मान खालीच होती. आधी त्यांचे जोडलेले हात सुटले. मग खांदे हलायला लागले. मला वाटलं मंत्र म्हणतायत. ते रडत होते.

"बारापासून ती तशीच..." ते म्हणाले. "पुढ्यात घेऊन..."

मला तिथं बसवेना. पण उठलोही नाही.

बऱ्याच वेळानं त्यांचा हात वर आला. त्यांनी कात्रीचं पातं हळूच बाजूला केलं आणि बुवांच्या मुठीतून आपली शेंडी सोडवून घेतली. बुवांनी धरून ठेवली नाही.

"दौलतराव, गाडी आहे का आता?"

"साडेतीनची हाय. फाट्यावर उभं ऱ्हावा. हात केला की थांबती."

"दुपार गेली," शास्त्री म्हणाले. हे ते कुणाला सांगत होते, कळलं नाही.

"रात्रीबी जेवत्यात ना ते?" बुवांनी विचारलं.

शास्त्री उठले. कोपऱ्यातली पिशवी घेतली. मी दोन केळी दिली, उपास होता म्हणून. ती त्यांनी नको म्हणता म्हणता घेतली. बुवांच्या पाया पडले. अंगणापर्यंत गेले आणि तिथून परत फिरले. उंबऱ्याशी उभे राहिले. सकाळी उभे होते तिथंच, पण गंध पुसलं गेलं होतं आणि नजर कात्रीवर नव्हती.

"बुवा..."

'महाराज' नाही म्हणाले.

"आं?"

"मी जे बोललो त्यांना... ते आता माझ्या हातचा घास घेणार नाहीत. मी ओळखतो नानांना. तोंड फिरवतील."

बुवा कात्रीला राख लावून घासत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

"फिरवू दे. तू तुकडं बारीक कर."